पटावरचा न्याय

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सम्राट हर्षवर्धन अजून राजपुत्र होता तेव्हाची गोष्ट. सातव्या शतकाच्या सुरुवातीची. वडील अत्यवस्थ असल्याची बातमी येते आणि हर्ष घोडा दौडवत राजधानीकडे निघतो. शहरात शिरताना बाजाररस्त्यावर त्याला पोरांचा घोळका दिसतो. मध्ये एक माणूस उभा आहे. डाव्या हातात काठ्यांवर ताणलेलं चित्र, उजव्या हातात बोरूची छडी. चित्रात रेड्यावर बसलेला यमराज. तो माणूस छडीने एकेक प्रसंग दाखवतो आहे आणि परलोकाची हकिगत सांगतो आहे. समोरून जाणारा घोडेस्वार कोण आहे, त्याचे वडील शेवटच्या घटका मोजताहेत, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. बाणभट्टाने हे ‘हर्षचरिता’त लिहून ठेवलं आहे. बाणभट्ट दरबारी कवी. राजाच्या घोड्याचं आणि छत्रचामरांचं वर्णन करता करता त्याची नजर या फाटक्या माणसाकडे गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या चित्राला यमपट म्हणत. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकातही तो आहे, पण तिथे तो पटवाला प्रत्यक्षात चाणक्याचा हेर आहे. चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरात तो यमपट पसरून गाणं म्हणू लागतो. आतून एक लहान मूल कुतूहलाने बाहेर धावतं. पडद्याआडून एका बाईचा हात त्याला मागे ओढतो आणि त्या ओढाताणीत तिच्या बोटातली अंगठी निसटून हेराच्या पायाशी येते. अमात्य राक्षसाची मुद्रा! पुढचं सगळं नाटक त्या अंगठीवर उभं आहे. आता विचार करा, चाणक्याने आपल्या हेराला हेच सोंग का दिलं असेल? व्यापारी, सैनिक, भिक्षू अशी सोंगं काही कमी नव्हती. पण पटवाल्याला कुणाचंही दार बंद नसे. श्रीमंताच्या अंगणात तो बसे, झोपडीपुढेही बसे. आणि तो येऊन दाखवी काय, तर न्यायनिवाडा. राजाच्या दरबारात ज्याला पाय ठेवता येत नव्हता, त्याच्या अंगणात यमाचा दरबार चालत येई.

आपल्याकडे ही परंपरा चित्रकथीची. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने ती जपली. सुट्या कागदांवरची रामायण-महाभारतातली चित्रं, त्यांची पोथी, सोबत वीणा, टाळ आणि हुडूक. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बऱ्याच मराठी माणसांना हे गाव पहिल्यांदा कळलं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पैठणची म्हणून ओळखली जाणारी चित्रं आहेत, ती याच जातकुळीतली. पण आज मला तुम्हाला घेऊन जायचंय बंगालमध्ये. त्याची दोन कारणं आहेत. बंगालचा पट पुराणकथांवर थांबला नाही, तो आजच्या घटनांपर्यंत येऊन पोचला. आणि दुसरं कारण, तो काढणारी माणसं कोण आहेत हे.

त्यांना पटुआ म्हणतात. आडनाव बहुधा चित्रकार. मेदिनीपूर, बीरभूम, मुर्शिदाबाद या भागांत त्यांची वस्ती. ते राम-सीता काढतात, कृष्णलीला काढतात, मनसादेवी आणि दुर्गा काढतात. त्या देवांची गाणी रचतात, गातात. आणि यांतले पुष्कळ जण मुसलमान आहेत. लग्न निकाहाने होतं, मेल्यावर दफन होतं. पूर्वी त्यांच्या बायका भांगात शेंदूरही भरत आणि हातात शंखाच्या बांगड्याही घालत. अनेकांना दोन नावं असत, एक हिंदू वळणाचं आणि एक मुसलमानी. ज्या गावात जायचं, त्या गावात चालेल ते नाव.

हे असं का झालं याची एक कथा पुराणात आहे आणि एक पटुआंच्या तोंडी आहे. ब्रह्मवैवर्त पुराण सांगतं की विश्वकर्मा आणि घृताची अप्सरा यांना नऊ मुलगे झाले. माळी, लोहार, कुंभार, विणकर वगैरे कारागीर ते हेच. त्यांतला एक चित्रकार. त्याने शास्त्राचा नियम मोडून चित्रं काढली म्हणून ब्राह्मणांनी शाप दिला आणि तो जातीतून पडला. पटुआंची स्वतःची कथा अधिक बोलकी आहे. त्यांचा एक पूर्वज महादेवाचं चित्र काढत बसला होता. परवानगी घेतलेली नव्हती. तेवढ्यात खुद्द महादेवच येताना दिसले. घाबरून त्याने कुंचला लपवायला जागा शोधली आणि तो तोंडात घातला. कुंचला उष्टा झाला. महादेव संतापले. म्हणाले, तू आता ना हिंदू राहशील ना मुसलमान. रीत मुसलमानाची पाळशील आणि काम हिंदूचं करशील.

या कथेवर मी खूप दिवस अडकलो होतो. अपराध केवढा? भीतीने कुंचला तोंडात घातला. शिक्षा केवढी? पिढ्यान्‌पिढ्या, संपूर्ण जातीला. आणि अशी शिक्षा भोगणारा माणूस गावोगाव जाऊन लोकांना काय दाखवतो, तर यमाकडचा चोख न्याय! तिथे वशिला चालत नाही आणि निकाल जातीवर लागत नाही, असं तो गाऊन सांगतो. मला या गाण्यात उपदेशाइतकीच तक्रारही ऐकू येते. आपलं अपील त्याने थेट वरच्या कोर्टात नेलं, असं म्हणा हवं तर.

थोडं माझंही सांगतो. तीस वर्षं मी मराठीत कविता लिहितो आहे. कविसंमेलनांत अजूनही कुणीतरी कौतुकाने विचारतं, ‘तुम्ही इतकं छान मराठी कसं काय लिहिता?’ विचारणारा चांगल्या मनानेच विचारतो, म्हणून मी हसून वेळ मारून नेतो. घरी आलेले पाहुणे उलट बाजूने विचारतात, ‘उर्दूत का नाही लिहीत?’ पटुआंना हे दोन्ही प्रश्न शतकानुशतकं विचारले गेले, आणि त्यात पोटाचा प्रश्न होता. एका बाजूचे सुधारक म्हणत, देवदेवतांची चित्रं काढणं सोडा. दुसऱ्या बाजूला दारात गाणं ऐकून घेत, तांदूळ घालत, पण पंगतीला बसवत नसत. माझी अडचण त्यांच्यापुढे काहीच नाही. तरी त्यांच्याविषयी वाचायला लागलो ते या ओढीने, हे कबूल केलेलं बरं.

पट कसा असतो ते सांगायला हवं. कागदाचे ताव एकाखाली एक चिकटवायचे, पाठीला जुन्या साडीचं कापड लावायचं, म्हणजे गुंडाळी टिकते. रंग घरचे. दिव्याच्या काजळीचा काळा, हळदीचा पिवळा, वालाच्या पानांचा हिरवा, गोकर्णीच्या फुलांचा निळा. कच्च्या बेलफळाचा चीक हा डिंक. रंग ठेवायला नारळाच्या करवंट्या. सांगताना पटुआ एकेक चौकट उलगडतो, बोट ठेवतो, गातो, आणि वरची चौकट गुंडाळत जातो. त्यामुळे पुढे काय येणार ते प्रेक्षकाला दिसत नाही. आमच्या पिढीने भिंतीवर पडदा बांधून सिनेमे पाहिले, त्याचा हा पणजोबा.

जुन्या पटांमध्ये कथा कोणतीही असो, रामाची असो की कृष्णाची, शेवटच्या चौकटी पुष्कळदा यमाच्या असत. तिथल्या शिक्षा पाहण्यासारख्या आहेत. खोटी साक्ष देणाऱ्याची जीभ सांडशीने ओढून काढताहेत. कुणाला काट्याच्या झाडावर चढवलंय. कुणाचं डोकं ढेंकीखाली आहे. ढेंकी म्हणजे भात कांडायचं पायाने चालवायचं लाकडी यंत्र, बंगालच्या प्रत्येक घरात असे ते. आणि त्याच पटावर एका चौकटीत एक वेश्या आहे, जिने आयुष्यभर दानधर्म केला. तिला न्यायला विमान आलंय.

यातली खुबी लक्षात घ्या. नरकातली हत्यारं सगळी घरातली आहेत. सांडशी, ढेंकी, कढई. पाहणाऱ्या बाईने सकाळीच ती हाताळलेली असत. आणि गुन्हे? तेही गावातलेच. देवाची पूजा चुकली म्हणून शिक्षा, असं फार नाही. खोटं बोललास, दुसऱ्याचं लुबाडलंस, दारी आलेल्याला हाकलून दिलंस, याची शिक्षा आहे. शेवटच्या गुन्ह्यावर पटुआ जरा जास्त जोर देत असणार, कारण दारी आलेला तो स्वतःच होता! गाणं संपलं की तांदूळ मिळायचे. पटातल्या न्यायाला हा असा व्यवहाराचाही धागा आहे. त्यामुळे तो मला कमी खरा वाटत नाही.

माझी नानी कयामतची हकिगत सांगायची. केसाहून बारीक, तलवारीहून धारदार पूल. त्यावरून सगळ्यांना जायचंय. खांद्यावरच्या दोन फरिश्त्यांनी सगळा हिशेब लिहून ठेवलाय. आणि हे सांगताना गावातल्या मापात मारणाऱ्या दुकानदाराचं नाव हळूच त्यात यायचं. चित्रगुप्ताची वही नानीला ऐकून माहीत होती. तिला त्या दोन वह्या वेगळ्या वाटत नसाव्यात. पूर्व बंगालमधला गाझीचा पट बघितला की मला तिची आठवण होते. गाझी पीर वाघावर बसून सुंदरबनातून जातो आहे, त्याच्या करामतींच्या चौकटी आहेत. आणि पटाच्या शेवटी? यमदूत, काळदूत आणि माणसांची मुंडकी हंडीत शिजवत बसलेली यमाची आई. मुसलमान पिराचा पट, शेवटचा निवाडा यमाघरचा. असा एक जुना पट, साधारण 1800 सालचा, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि सत्यपीर? बंगालमध्ये सत्यपीर आणि सत्यनारायण हे एकाच दैवताचे दोन चेहरे. आपल्याकडच्या घरोघरच्या सत्यनारायणाची मुळंही तिकडेच आहेत, असं काही अभ्यासक मानतात.

संथाळ परगण्यात पटुआंची आणखी एक शाखा आहे, जादूपटुआ. संथाळांच्या घरात मृत्यू झाला की जादूपटुआ त्या दारी येतो. हातात मेलेल्या माणसाचं चित्र. बाई असेल तर बाईचं, मूल असेल तर मुलाचं. सगळं काढलेलं असतं, फक्त डोळ्यांत बाहुल्या नसतात. तो घरच्यांना सांगतो की तुमचं माणूस परलोकात आंधळं भटकतं आहे, दान द्या म्हणजे मी डोळे भरतो. याला चक्षुदान म्हणतात. भांडं मिळतं, धान्य मिळतं, एखादा पैसा. मग तो कुंचल्याने दोन ठिपके देतो आणि मेलेलं माणूस बघू लागतं. कुणी म्हणेल ही तर दुःखात असलेल्यांची लुबाडणूक. थोडी आहेच. पण ज्या घराकडे फोटो नाही, कागद नाही, सरकारदरबारी नोंद नाही, त्या घरच्या मुलाचं चित्र कुणीतरी काढलं, त्याला डोळे दिले, ही गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

आता एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात येऊ. कालीघाटचं आजचं देऊळ 1809 साली बांधून झालं. यात्रेकरूंची गर्दी वाढली. खेड्यातले पटुआ पोटामागे शहरात आले आणि देवळाभोवती बसले. लांब पट उलगडून तासभर गायला इथे सवड कुणाला? मग त्यांनी गिरणीचा स्वस्त कागद घेतला, पाण्याचे रंग घेतले, आणि एका तावावर एकच चित्र काढायला सुरुवात केली. ठसठशीत रेषा, मागे मोकळा कागद. चित्र पैसा-दोन पैशांना. गाणं सुटलं. पण न्यायनिवाडा करायची खोड सुटली नाही. यमाच्या दरबाराची जागा आता शहराने घेतली. केसांचा भांग पाडलेला, बकलांचे बूट घातलेला, बापजाद्यांची इस्टेट उधळणारा बाबू. कपाळावर वैष्णवाचा टिळा आणि तोंडात कोळंबी धरलेलं मांजर, म्हणजे आपल्याकडचा ढोंगी बगळाच. नवऱ्याला झाडूने बडवणारी बायको. हे शेवटचं चित्र आपण आज हसून बघतो. पण पटुआ तिथे बाईच्या बाजूने नव्हता. बायका शिकू लागल्या, जग उलटंपालटं झालं, ही त्याची तक्रार होती. लोककला म्हटली की ती आपोआप दुबळ्याच्या बाजूची, अशी आपली एक गोड समजूत असते. ती तपासायला एक खटला पुरेसा आहे.

27 मे 1873. हुगळी जिल्ह्यात तारकेश्वरजवळचं एक खेडं. नवीनचंद्र बॅनर्जी हा कलकत्त्यात सरकारी छापखान्यात नोकरीला. त्याची सोळा वर्षांची बायको एलोकेशी गावी आईवडिलांकडे राहत असे. तारकेश्वराचं शंकराचं देवस्थान फार मोठं. तिथला महंत माधवचंद्र गिरी श्रीमंत आणि वजनदार माणूस. मूल होण्याचं औषध मिळेल म्हणून एलोकेशीला महंताकडे नेलं गेलं. महंताने तिला गुंगीचं औषध देऊन भ्रष्ट केलं असं सांगितलं गेलं. संबंध पुढे चालू राहिला, आणि त्याला तिच्या घरच्यांचीच साथ होती असाही बोभाटा होता. नवीन गावी आला तेव्हा त्याला हे कळलं. तिने सगळं सांगितलं, त्याने क्षमा केली. तिला घेऊन तो निघून जाणार होता. महंताच्या माणसांनी वाट अडवली. तेव्हा नवीनने मासे कापायच्या विळीने तिचा गळा चिरला. मग स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन हजर झाला.

खटला श्रीरामपूरला उभा राहिला. बघ्यांची एवढी झुंबड उडाली की आत जायला पैसे आकारायची वेळ आली. ज्युरीतल्या लोकांनी नवीनला वेडाच्या भरात कृत्य केलं म्हणून निर्दोष ठरवलं. न्यायाधीशाला ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि नवीनला जन्मठेप झाली. महंताला तीन वर्षं सक्तमजुरी आणि दोन हजार रुपये दंड. लोकांना निकाल उलटा वाटला. नवीनला सोडा म्हणून अर्जांवर अर्ज गेले, सह्या करणाऱ्यांत राजेरजवाडे होते तसे साधे लोकही होते. 1875 साली तो सुटला.

या काळात कालीघाटचे पटुआ अक्षरशः वार्ताहर झाले. एलोकेशी आणि महंत यांची पहिली भेट. ती त्याला विडा देते आहे. नवीनच्या गळ्यात पडून ती क्षमा मागते आहे. मग विळी. खुनाचीच तीन-तीन चित्रं: हात उगारला, वार झाला, धड आणि मुंडकं वेगळं. पुढे कोर्टात खुर्चीवर साहेब. आणि सगळ्यांत खपलेलं दृश्य, महंत तुरुंगात तेलाचा घाणा ओढतो आहे. कालपर्यंत ज्याच्या पायावर यात्रेकरू डोकं ठेवत, तो बैलाच्या जागी. त्याने तुरुंगात गाळलेल्या तेलाचं मलम म्हणून डोकेदुखीचं औषधसुद्धा बाजारात विकलं गेलं! साड्यांच्या काठांवर, पानाच्या डब्यांवर हे प्रकरण आलं. नाटकं तर कितीतरी झाली.

महंताला घाण्याला जुंपणारं चित्र मी पहिल्यांदा पुस्तकात पाहिलं तेव्हा मला आनंद झाला. यमपटाचीच ती चौकट होती. वजनदार माणूस, घरातलं यंत्र, चोख शिक्षा. पण मग मी एलोकेशीची चित्रं ओळीने पाहत गेलो. सगळ्यांत ती नटलेली आहे. दागिने, विडा, लचकती कंबर. सोळा वर्षांची घाबरलेली मुलगी एकाही चित्रात नाही. बाजाराच्या न्यायालयाने निकाल दिला होता तो असा: महंत नीच, नवीन बिचारा, आणि तिचं जे झालं ते झालं. इतिहासकार तनिका सरकार यांनी या खटल्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. तो वाचताना जाणवतं की लोकांच्या सगळ्या हळहळीचा धनी नवराच होता.

आणि सरकारी न्यायालयाने तरी काय केलं? महंताला शिक्षा झाली ती व्यभिचाराबद्दल. 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 497. त्या कलमानुसार अपराध घडतो तो नवऱ्याविरुद्ध, बाईविरुद्ध नव्हे. म्हणजे एलोकेशीवर जे गुदरलं त्याबद्दल कायद्याच्या लेखी अन्याय झालेला माणूस कोण, तर तिचा गळा कापणारा नवीन. हे कलम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या सप्टेंबरमध्ये रद्द केलं. एकशे अठ्ठावन्न वर्षांनी. साहेबाचं कोर्ट आणि कालीघाटचा पट, दोघांनी महंताला पकडलं आणि दोघांच्याही हातून ती मुलगी निसटली. पटुआला मी फार प्रेमाने वाचतो, पण इथे त्याला सूट देता येत नाही. जो स्वतः कुणाच्या पंगतीला बसत नव्हता, त्यालाही तिच्या बाजूला उभं राहून बघता आलं नाही.

या चित्रांचा आपल्या मुंबईशीही एक धागा आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या दरवाजांवरची कोरीव शिल्पं ज्यांनी केली ते जॉन लॉकवूड किपलिंग, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1865 ते 1875 या काळात शिकवत होते. त्यांनी कालीघाटची चित्रं जमवली. मुंबईतच जन्मलेला त्यांचा लेखक मुलगा रुडयार्ड याने 1917 साली दोनशेहून अधिक चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला दिली. पैसा-दोन पैशांची चित्रं, घरी नेऊन भिंतीला डकवायची आणि फाटली की फेकायची. ती तिथे जपली गेली, इथे जर्मन छापाच्या गुळगुळीत तसबिरी आल्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कालीघाटचे पटुआ संपले.

खेड्यातले मात्र टिकले. गुरुसदय दत्त हे आय.सी.एस. अधिकारी बीरभूममध्ये असताना पटुआंच्या दारी गेले, पट विकत घेतले, गाणी उतरवून घेतली आणि 1939 साली ती पुस्तकरूपाने छापली. त्यांचा संग्रह कलकत्त्याजवळ जोका इथे आहे. मेदिनीपूरच्या पटुआंनी आपल्याच जिल्ह्यातला पोरगा खुदीराम बोस, 1908 साली फासावर गेलेला, पटावर आणला. पुढे हुंडा आला, साक्षरता आली, झाडं तोडणं आलं. 2001 मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले, त्याचा पट झाला. 2004 च्या त्सुनामीचा झाला. 2020 मध्ये कोरोनाचा झाला.

यातलं बरंच काम आता संस्थांच्या आणि सरकारी खात्यांच्या मागणीवरून होतं. विषय ते देतात, पटुआ रंगवतो. एड्सच्या प्रचाराचा, मतदानाचा, पोलिओ डोसचा. त्यात पैसे मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण मागणीच्या पटात महंत घाण्याला जुंपलेला सापडत नाही, एवढं मी म्हणेन. ज्याच्या पैशाने पट होतो त्याच्या नावाची चौकट नरकात कोण काढणार? पूर्वीही तांदूळ घालणाऱ्या सावकाराला पटुआने किती दुखावलं असेल, शंकाच आहे. त्याच्या दारात उभं राहून यमाचं नाव घ्यायचं आणि बाकीचं त्याच्या मनावर सोडायचं, ही जुनी युक्ती होती.

पश्चिम मेदिनीपूरमधलं नया हे गाव आज पटुआंचं गाव म्हणून ओळखलं जातं. 2010 पासून तिथे नोव्हेंबरमध्ये पटाची जत्रा भरते. 2018 साली बंगालच्या पटचित्राला भौगोलिक मानांकन मिळालं. पण सगळ्यांत मोठा बदल यांपैकी कशातच नाही. पूर्वी पट घेऊन हिंडणारे आणि गाणारे पुरुष असत. बायका घरी मातीच्या बाहुल्या करत, रंग वाटत. आता नयामध्ये बायका पट काढतात, गाणी रचतात आणि दूरदेशी जाऊन गातात. दुखूश्याम चित्रकार या बुजुर्ग पटुआने बायकांना गाणी शिकवली. स्वर्णा चित्रकार यांचं नाव आज जगभर ठाऊक आहे. मुलगी जन्माला येण्याआधीच तिला मारतात, हुंड्यासाठी जाळतात, लहानपणीच लग्न लावून देतात, हे विषय या बायका रंगवतात तेव्हा चौकटीतली मुलगी विडा घेऊन उभी नसते.

पटाच्या गाण्याची एक जुनी रीत या बायकांनीही सोडलेली नाही. कथा संपली, शेवटची चौकट गुंडाळली, की गाणाऱ्याने शेवटच्या ओळीत आपलं नाव सांगायचं, गाव सांगायचं, ठाणं आणि जिल्हा सांगायचा. कोर्टात साक्षीदाराला आधी सांगावं लागतं, पटुआ ते शेवटी सांगतो. धर्म त्या ओळीत येत नाही. नाव येतं, आडनाव चित्रकार, गाव नया, ठाणं पिंगला, जिल्हा मेदिनीपूर.